पगाराची ती यादी

अमेरिकेत सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी हवी असेल तर एक लांबलचक फॉर्म भरावा लागतो. त्याच्या सत्ताविसाव्या भागात तीनच प्रश्न आहेत. गेल्या सात वर्षांत तुम्ही परवानगी नसताना कुठल्या संगणकप्रणालीत शिरलात का, किंवा शिरायचा प्रयत्न केलात का? परवानगी नसताना तिथली माहिती बदलली, नष्ट केली किंवा दुसऱ्यांना मिळू दिली नाही, असं झालं का? आणि मनाई असताना एखादं यंत्र, सॉफ्टवेअर, पेन ड्राइव्ह असं काही आत नेलं, बाहेर काढलं किंवा वापरलं का? उत्तर हो किंवा नाही. 'हो' म्हटलं की खाली एक चौकोन उघडतो. कधी, कुठे, काय घडलं, पुढे काय कारवाई झाली, ते त्यात लिहायचं.

नोव्हेंबर २०२१ मधल्या दोन संध्याकाळी मी मेरीलँडमधल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी, त्या रिकाम्या चौकोनासमोर बसून होते. पहिल्या प्रश्नाला 'हो' करायचं हे नक्की होतं. त्याखाली किती लिहायचं, हे ठरत नव्हतं. शेवटी चार ओळी लिहिल्या. चारही ओळी खऱ्या होत्या. पुढची दोन वर्षं माझी झोप त्या चार ओळींनीच उडवली.

मी मूळची सांगलीची. वालचंदमधून इंजिनिअर झाले, पुण्यात चार वर्षं नोकरी केली आणि लग्न होऊन इकडे आले. नवरा इथेच वाढलेला, इथला नागरिक. त्यामुळे २०१५ मध्ये मलाही नागरिकत्व मिळालं. काही वर्षं ओहायोत काढली आणि २०१९ मध्ये त्याच्या नोकरीमुळे मेरीलँडला आलो. इथे अमेरिकेच्या संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत. त्यातल्या एकीनं मला डेटाबेस सांभाळायची नोकरी देऊ केली. अट एक होती: सिक्रेट दर्जाचा क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची ती सरकारी परवानगी, मिळायला हवा. हा क्लिअरन्स आपला आपण मागता येत नाही. कंपनीनं नाव पाठवावं लागतं, आणि कंपनीनं मधेच हात काढून घेतला तर प्रकरण तिथेच थांबतं.

मग तो फॉर्म आला, एसएफ-८६. छापला तर सव्वाशेच्या वर पानं होतात. मी तो ऑनलाइन भरला. दहा वर्षांत कुठे राहिलात, तिथे तुम्हाला ओळखणारं कोण होतं, कुठे नोकरी केली, ती का सोडली, परदेशात कोण नातेवाईक आहेत, ते काय करतात, कुठल्या सरकारी खात्यात होते का. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले, म्हणजे सरकारी नोकरी, तेही लिहिलं. आईची जन्मतारीख १ जून, बाबांचीही १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तपास अधिकाऱ्याला मात्र पुढे पाच मिनिटं समजावून सांगावं लागलं.

मला वाटायचं, अडचण आली तर या सांगलीच्या पत्त्यामुळे येईल. ती भीती साफ चुकीची ठरली.

ओहायोतल्या त्या कंपनीचं नाव इथे लिहायचं काही कारण नाही. चूक माझी होती. २०१८ च्या जुलैमध्ये आमचा टीम लीड सुट्टीवर असताना रात्रीचा एक जॉब, म्हणजे संगणकावर आपोआप चालणारं काम, अडकला. मी त्याला फोन केला, त्यानं आपला पासवर्ड सांगितला, मी त्याच्या नावानं शिरून जॉब पुन्हा सुरू केला. सकाळी सगळे रिपोर्ट वेळेवर गेले. आल्यावर पासवर्ड बदलतो म्हणाला, आणि विसरला. मीही आठवण केली नाही. पुण्यात आमच्या अख्ख्या टीमचा एकच अ‍ॅडमिन लॉगिन होता आणि त्याचा पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असायचा. शेजारणीकडे विरजण मागावं इतक्या सहज आम्ही तो एकमेकांना द्यायचो. पण ओहायोत मी दरवर्षी सुरक्षा-प्रशिक्षण घेत होते आणि 'पासवर्ड कुणाला देणार नाही, कुणाचा वापरणार नाही' यावर सही करत होते. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नव्हती.

ऑगस्टमध्ये पगारवाढीचे दिवस आले. ज्या मुलाला मी हाताला धरून काम शिकवलं, त्याला माझ्यापेक्षा जास्त मिळतात अशी कुजबुज कानावर आली. एका शनिवारी रात्री मी टीम लीडच्या नावानं शिरले, आमच्या विभागाच्या फोल्डरमधली पगाराची यादी उघडली आणि वाचली. बारा नावं होती. त्या मुलाला माझ्यापेक्षा नऊ हजार डॉलर जास्त होते.

पुढच्या गुरुवारी मॅनेजरशी बोलताना रागाच्या भरात तो आकडा माझ्या तोंडून जसाच्या तसा निघाला. मॅनेजर क्षणभर थांबला आणि म्हणाला, "हा आकडा तुला कुणी सांगितला?" मी म्हटलं, लोक बोलतात.

शुक्रवारी त्यांनी लॉग काढले. यादी टीम लीडच्या खात्यातून उघडलेली दिसली. त्याला बोलावून विचारलं. तो म्हणाला, त्या शनिवारी मी मुलांना घेऊन तळ्याकाठी तंबूत होतो. त्याचा अ‍ॅक्सेस त्याच दिवशी काढून घेतला गेला. हे मला शुक्रवारी दुपारीच कळलं होतं. मी शुक्रवारी गप्प राहिले. शनिवारी, रविवारीही गप्पच राहिले. सोमवारी सकाळी एचआरनं मला बोलावून सरळ विचारलं, तेव्हा मी सांगितलं.

दोघांनाही लेखी ताकीद मिळाली. त्याला पासवर्ड दिल्याबद्दल, मला तो वापरल्याबद्दल आणि माझ्या कामाशी संबंध नसलेली माहिती उघडल्याबद्दल. जानेवारीत आम्ही ओहायो सोडलं.

घरी मी काय सांगितलं? 'रात्री जॉब अडकला होता, टीम लीडचा पासवर्ड वापरला, म्हणून नोटीस दिली.' नवरा म्हणाला होता, "कामासाठीच केलंस ना, मग एवढं काय!" मीही तसंच म्हणत राहिले. तीन वर्षं इतक्या वेळा तसं म्हटलं की माझ्या डोक्यातही गोष्ट तिथेच संपायला लागली. फॉर्मच्या चौकोनात मी नेमकं तेवढंच लिहिलं. नोकरीच्या भागात लेखी ताकीद मिळाल्याचं कबूल केलं, कारण म्हणून तेच चार ओळींतलं वाक्य टाकलं. फॉर्ममध्ये लिहिलेलं असतं की जाणूनबुजून खोटी माहिती देणं किंवा महत्त्वाची माहिती दडवणं हा संघीय कायद्यानं गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ते वाचून मी शेवटी सही केली.

डिसेंबरमध्ये एका रविवारी बाबांचा फोन आला. मंडळातल्या नोकरीच्या तारखा मी त्यांच्याकडून घेतल्या होत्या, तेव्हापासून त्यांना या फॉर्मचं फार कुतूहल. "काय काय विचारतात गं?" मी सांगत गेले, आणि सांगता सांगता ताकिदीचीही गोष्ट सांगितली. तीच, अर्धी. ते म्हणाले, "एवढंच ना?"

त्यांनी ते सहज विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही, आणि तेही थांबले नाहीत, आपल्याच आठवणीत शिरले. ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रात ते ऑपरेटर होते. दर तासाला रीडिंग घेऊन लॉगबुकात लिहायचं. रात्रपाळीत डोळा लागला आणि चुकीचा आकडा पडला, तर खोडरबर नाही, पान फाडणं नाही, गिरवणंही नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा, शेजारी सही. "खालचा आकडा वाचता आला पाहिजे," बाबा म्हणाले. "साहेब तोच बघायचे पहिल्यांदा."

त्या रात्री मी नवऱ्याला यादीबद्दल आणि त्या चार दिवसांबद्दल सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" पगाराची यादी उघडली यापेक्षा त्याला हे जास्त लागलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं वाचायला सुरुवात केली. तो तसाच आहे, दुखलं की वाचत सुटतो. त्याला जॉर्जिया राज्यातल्या एका पोलीस सार्जंटचा खटला सापडला. त्यानं पैशांसाठी पोलिसांच्या डेटाबेसमध्ये एका गाडीचा नंबर शोधून दिला होता. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवलं की, जी माहिती बघायचा अधिकार तुम्हाला आहेच ती चुकीच्या हेतूनं बघितली, एवढ्यावरून संगणक-गैरवापराच्या संघीय कायद्याखाली गुन्हा होत नाही. "बघ," तो म्हणाला. मी बघितलं, पण त्यात माझ्यासाठी काही नव्हतं. एक तर मला ती यादी बघायचा अधिकारच नव्हता. मी दुसऱ्याच्या नावानं शिरले होते. दुसरं म्हणजे क्लिअरन्सच्या प्रकरणात गुन्हा झाला का, हा प्रश्नच नसतो. या माणसावर विसंबता येईल का, हा असतो. १९८८ च्या ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की क्लिअरन्सवर कुणाचा हक्क नाही. शंका उरली तर ती देशाच्या बाजूनं सोडवायची, अर्जदाराच्या नाही. ऐकायला कठोर वाटतं. पण ज्याच्या हातात दुसऱ्यांची माहिती द्यायची त्याच्याबाबत दुसरा कुठला नियम चालेल, हे मला अजून सुचलेलं नाही.

एप्रिल २०२२ मध्ये तपास अधिकारी भेटायला आले. मध्यमवयीन, शांत गृहस्थ. त्यांनी ओळखपत्र दाखवलं, शपथ दिली आणि फॉर्म उघडला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकेक उत्तर वाचत जायची त्यांची पद्धत. ते सुरू करायच्या आत मी म्हटलं, "सत्ताविसाव्या भागात आणि नोकरीच्या भागात मी अर्धंच लिहिलंय. आधी ते सांगू द्या." त्यांनी पेन हातात घेतलं. मी जुलैपासून सोमवार सकाळपर्यंतचं सगळं सांगितलं. मधे त्यांनी एकदाच अडवलं: "यादीचा फोटो काढला का, प्रत केली का, कुणाला पाठवली का?" नाही. मग विचारलं, "हे फॉर्ममध्ये का लिहिलं नाही?" 'जागा कमी होती', 'महत्त्वाचं वाटलं नाही' ही दोन्ही उत्तरं मी घरून निघताना मनात टाकून दिली होती. मी म्हटलं, "लाज वाटली." त्यांनी ते लिहून घेतलं.

तीन तास चालली ती भेट. पुढे त्यांनी आमच्या शेजाऱ्यांना विचारलं, आताच्या ऑफिसात विचारलं, ओहायोच्या कंपनीत विचारलं. मी सांगितलं नसतं तरी ते ताकिदीच्या पत्रात होतंच. पत्राची प्रत माझ्याकडे नव्हती, आणि त्यात नेमके कोणते शब्द आहेत हे मी सोयीनं विसरले होते. फॉर्म भरणाऱ्या प्रत्येकाला मी आता हे सांगते: जुनं पत्र आधी मिळवा आणि मगच लिहा. आपल्या आठवणीवर विसंबू नका, आठवण आपलीच बाजू घेते.

मग दहा महिने काहीच नाही. कंपनीनं मला क्लिअरन्स न लागणाऱ्या कामावर ठेवलं, हे त्यांचे उपकार. बरोबर लागलेले दोघे आतल्या खोलीत कामाला गेले आणि मी बाहेरच्या रांगेत बसून राहिले. दारावर कुलूपबंद खण होते, लोक आपापले फोन त्यात ठेवून आत जायचे. माझा फोन माझ्याच टेबलावर असायचा. तो तिथे दिसला की जाणारे-येणारे समजून जायचे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' आलं. तुम्हाला क्लिअरन्स देणं राष्ट्रहिताशी स्पष्टपणे सुसंगत आहे असं आम्हाला म्हणता येत नाही, आणि त्याची कारणं अशी, असं ते पत्र. माझ्यावर दोन मुद्दे होते. एक गाइडलाइन एमखाली, म्हणजे संगणकप्रणालीचा वापर: दुसऱ्याच्या लॉगिननं गोपनीय माहिती उघडली. दुसरा गाइडलाइन ईखाली, म्हणजे वैयक्तिक वर्तन: फॉर्ममध्ये ती गोष्ट जाणूनबुजून दडवली. आई-बाबांचं, सांगलीचं त्यात एक अक्षर नव्हतं. जन्मानं भारतीय असणं आडवं आलं नाही. शनिवारची ती रात्र आली.

उत्तर द्यायला वीस दिवस. प्रत्येक मुद्द्यापुढे शपथेवर लिहायचं, मान्य की अमान्य. एका वकिलाचा तासाभराचा सल्ला घेतला. दुसरा मुद्दा 'अमान्य' करून 'जाणूनबुजून नव्हतं' असं मांडता येईल, असा मार्ग त्यांनी दाखवला. कायद्याच्या दृष्टीनं तो मार्ग असेलही. मी दोन्हींपुढे 'मान्य' लिहिलं, खाली हकीगत लिहिली आणि सुनावणी मागितली.

या सुनावण्या संरक्षण खात्याचं डोहा नावाचं कार्यालय घेतं, डिफेन्स ऑफिस ऑफ हिअरिंग्ज अँड अपील्स. तिथले निकाल अर्जदाराचं नाव काढून सगळ्यांना वाचायला ठेवलेले असतात. त्या वसंतात मी रोज रात्री दोन-तीन निकाल वाचायचे. गाइडलाइन एमचे कमी आहेत; बहुतेक प्रकरणं कर्जाची, बुडवलेल्या कराची, गांजाची. पण जी होती त्यात ओळखीची माणसं भेटली. ऑफिसच्या संगणकावर नको ते बघणारे, नोकरी सोडताना फायली कॉपी करून नेणारे. त्यांतल्या पुष्कळांनी कामावर कधी हलगर्जी केलेली नव्हती. इतक्या कामाच्या माणसाला नियमाची काय गरज, असं त्यांना एका क्षणी वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं होतं.

नियम लहान आहेत. जून २०१७ पासून लागू असलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, एपासून एमपर्यंतच्या तेरांत, गाइडलाइन एम हे शेवटचं, तीन परिच्छेदांचं. ३९व्यात चिंता काय ते, ४०व्यात कोणत्या गोष्टी विरोधात जातात, ४१व्यात काय बाजूनं मोजलं जाऊ शकतं. बाजूनं मोजायच्या गोष्टी चार. खूप काळ गेला असेल किंवा प्रसंगच असा विरळा असेल की पुन्हा घडणं संभवत नाही. गैरवापर किरकोळ आणि केवळ संस्थेचं काम नीट चालावं म्हणून असेल. चूक नकळत झाली असेल आणि लगेच, प्रामाणिकपणे सुधारून संबंधितांना कळवली असेल. किंवा प्रशिक्षण अपुरं, सूचना अस्पष्ट असतील.

मी ही चार वाक्यं कागदावर उतरवून त्याखाली माझी गोष्ट लावून बघितली. जुलैची रात्र दुसऱ्या वाक्यात चपखल बसत होती. म्हणूनच तर तीन वर्षं मी तीच रात्र सांगत होते. 'केवळ संस्थेच्या कामासाठी' हे शब्द मला तेव्हा ठाऊक नसतानाही मी माझी गोष्ट त्याच मापाची कापून ठेवली होती. शनिवारची रात्र त्यात बसत नव्हती. ती पूर्णपणे माझ्यासाठी होती. माझ्यावर पगारात अन्याय झाला होता, हेही खरं. तो मांडायचे रस्ते होते आणि मी त्यातला एकही धरला नव्हता. तिसऱ्या वाक्यातलं 'लगेच' तर माझ्या चार दिवसांवर सरळ बोट ठेवत होतं. प्रशिक्षणाचं म्हणाल तर माझ्या सह्या होत्या. उरलं एकच वाक्य, काळाचं.

त्या वाचनातच एक जुनी गोष्ट पुन्हा समोर आली. अमेरिकी सरकारच्या ओपीएम या कार्मिक कार्यालयातून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांच्या पार्श्वभूमी-तपासाची माहिती चोरीला गेल्याचं २०१५ मध्ये उघड झालं होतं. म्हणजे हेच फॉर्म, याच चौकोनांत लोकांनी विश्वासानं लिहिलेलं. चोर आत शिरले होते ते एका कंत्राटदार कंपनीच्या चोरलेल्या लॉगिननं. मी स्वतःला चोरांच्या रांगेत बसवत नाही. पण यंत्राला दोघांतला फरक दिसत नसतो: नाव एकाचं, बोटं दुसऱ्याची. पासवर्ड वापरणं एवढं का मोजतात, हे मला वर्षानुवर्षं प्रशिक्षणं घेऊन कळलं नव्हतं, ते त्या रात्री कळलं.

जूनमध्ये मी टीम लीडला फोन केला. पाच वर्षांत एकदाही केला नव्हता. मला त्याच्याकडून पत्र हवं होतं, आणि पत्रासाठीच फोन केला हे मी लपवलं नाही. माझं बोलणं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्या शनिवार-रविवारी मी बायकोला सांगितलं होतं, सोमवारी बहुतेक नोकरी जाईल. घराचा हप्ता कसा भरायचा, याचा आम्ही हिशोब मांडत बसलो होतो."

मी माफी मागितली. २०१८ मध्येही मागितली होती, पण तेव्हा पासवर्डबद्दल. त्या दोन दिवसांबद्दल आज पहिल्यांदा. तो म्हणाला, विचार करून कळवतो. नवव्या दिवशी ईमेलनं पत्र आलं, पाच वाक्यांचं. ती कामात चोख होती. पासवर्ड मी दिला होता. तिनं यादी उघडली, ते चूक होतं. माझ्यावर संशय असताना ती गप्प राहिली. आता तिनं ते माझ्यापाशी स्वतःहून कबूल केलं आहे. वकील म्हणाले, चौथं वाक्य गाळायला सांगा. मी पत्र होतं तसंच जोडलं.

सप्टेंबरमध्ये सुनावणी झाली, व्हिडिओवरून. एका चौकोनात न्यायाधीश, एकात सरकारी वकील, एकात शब्दन् शब्द टिपून घेणारी रिपोर्टर. वकील लावता येतो. मी एकटीच बसले. माझ्या आताच्या वरिष्ठांनी साक्ष दिली, आणि मी काय केलं होतं हे पूर्ण माहीत असूनही ही हवी आहे, असं सांगितलं. त्यांना मी आदल्या वर्षीच सगळं सांगितलं होतं. हेही त्या निकालांतून शिकले होते: ज्या साक्षीदाराला अर्धंच माहीत असतं त्याच्या प्रशंसेला न्यायाधीश फारसं वजन देत नाहीत.

सरकारी वकील सौम्य आवाजात विचारत होत्या. यादीवर त्यांनी पाच मिनिटं घालवली असतील. बाकी सगळा वेळ चार दिवस.

"शुक्रवारी दुपारी तुम्हाला कळलं की त्यांचा अ‍ॅक्सेस काढलाय. तेव्हा तुमच्याकडे त्यांचा फोन नंबर होता?"

"होता."

"शनिवारी तुम्ही काय केलं?"

मी म्हटलं, "दिवाळीचं पार्सल भारतात पाठवायला गेले." आणि लगेच सुधारलं, "नाही, तो दुसरा शनिवार. त्या शनिवारी घरी होते. स्वयंपाक केला. फोन हातात घेतला आणि ठेवला."

"सोमवारी एचआरनं बोलावलंच नसतं, तर सांगितलं असतं?"

याचं उत्तर मी कित्येक रात्री शोधलं होतं. "माहीत नाही," मी म्हटलं. "सांगितलं असतं असं मला म्हणायचंय, पण तसं शपथेवर म्हणता येत नाही."

न्यायाधीशांनी शेवटी एकच विचारलं. फॉर्म सही करून दिल्यावर आणि तपास अधिकारी भेटायच्या आधी, उरलेलं सांगा असं मला कुणी सुचवलं होतं का? कंपनीनं, वकिलानं? मी बाबांच्या लॉगबुकाबद्दल सांगितलं. एक आडवी रेघ, वर नवा आकडा, शेजारी सही. रिपोर्टरनं 'सबस्टेशन'चं स्पेलिंग विचारून घेतलं. अडीच तासांत सगळं आटोपलं.

निकाल डिसेंबरमध्ये आला, नऊ पानांचा. आधी शेवटचं पान बघायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि ते पाळलं. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की यादी उघडणं किरकोळ नव्हतं आणि संस्थेच्या हितासाठी मुळीच नव्हतं. सहकाऱ्यावर संशय असताना गप्प बसणं त्यांनी वेगळ्या परिच्छेदात घेतलं होतं, आणि तो परिच्छेद वाचणं अवघड गेलं. मग पाच वर्षं, त्यात एकही तक्रार नाही. फॉर्ममधली दडवादडव कुणी पुरावा पुढे ठेवायच्या आधी अर्जदारानं स्वतःहून दुरुस्त केली. त्यासाठी गाइडलाइन ईचा सतरावा परिच्छेद. 'माहीत नाही' हे माझं उत्तरही त्यांनी उद्धृत केलं होतं, विश्वसनीयतेच्या बाजूनं. दोन्ही मुद्द्यांपुढे लिहिलं होतं, 'अर्जदाराच्या बाजूने'. सरकारला अपिलाची नोटीस द्यायला पंधरा दिवस असतात. तेही गेले.

बाबांना फोन केला. त्यांनी विचारलं, "सगळं लिहून दिलंस ना?" हो म्हटलं. "मग बरं," म्हणाले, आणि आईकडे फोन दिला.

टीम लीडलाही मेसेज केला. क्लिअरन्स मिळाला, तुझ्या पत्राबद्दल आभारी आहे. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. अभिनंदन लिहिलं होतं, आणि खाली विचारलं होतं, त्या यादीतल्या बाकीच्यांना सांगितलंस का?

यादीत मी धरून बारा जण होतो. ज्या मुलाचा आकडा मी मोठ्यानं म्हटला, त्याला आपला पगार कुणी वाचला हे आजही ठाऊक नाही. त्याचा पत्ता मी शोधून काढला आहे. पत्राचा पहिला परिच्छेद लिहून झालाय, जुलैपासून सुरू होणारा. तो खोडून शनिवारपासून सुरुवात करते आहे.